वाढत्या अंगाचा इतिहास

इतिहासकार मंडळी मोठी चोखंदळ असतात. पानिपतावर कोण कुठे उभा होता, कोणी कोणाला पत्रात काय लिहिले, तहात किती लाख ठरले आणि त्यातले किती बुडाले, हे सगळे ती छातीठोकपणे सांगतात. पण पानिपताला निघालेल्या सरदाराच्या सात वर्षांच्या मुलाने त्या दिवशी अंगात काय घातले होते, असे विचारा. लगेच चष्मा पुसायला लागतात.

बायकांच्या लुगड्यांवर लेख आहेत, खणांवर आहेत, नथींवर तर आहेतच. पुरुषांच्या पगड्यांवर विद्वानांनी एकमेकांच्या पगड्या उडवल्या आहेत. मधल्यामध्ये मुलगा तेवढा राहिला उघडा. अगदी अक्षरशः. जणू आपल्या इतिहासातली सगळी थोर माणसे एकदम मिशा आणि अंगरख्यासकट जन्माला आली. लहानपणी त्यांनाही कोणीतरी बखोटीला धरून, नाक पुसून, नको असलेल्या कपड्यात कोंबून लग्नाला नेले असेल, हा विचारच कोणाच्या मनात येत नाही.

माझ्या मनात तो येतो याला माझे गाव जबाबदार आहे. गाव भाट्ये. रत्नागिरी शहर आणि आम्ही यांच्यामध्ये काजळी नदीची खाडी. पुढ्यात समुद्र, कडेला सुरूचे बन, आणि आमची भिस्त झरी विनायकावर. १९५५ साली आमच्या गावात नारळ संशोधन केंद्र निघाले. रोपाला खड्डा किती खोल, दोन माडांत अंतर किती, खत कधी, पाणी किती, सगळे शास्त्रशुद्ध. मुलग्यांवर असे संशोधन कोणी केले नाही. वास्तविक दोघांचा प्रश्न एकच. दोघेही उंच वाढतात आणि किती वाढतील ते आधी सांगता येत नाही. माडाची एक सोय मात्र आहे. त्याला लग्नाकार्यात कोट शिवावा लागत नाही.

तेव्हा हे संशोधन मीच हाती घेतले. साधने तुटपुंजी. एक पत्र्याची ट्रंक, डांबराच्या गोळ्यांचा वास, कसरीने निम्मे खाल्लेले चार-दोन कपडे, भिंतीवरचे फोटो आणि म्हाताऱ्या माणसांची तोंडे. बखरकारांकडे तरी याहून काय वेगळे होते?

आरंभ अमेरिकेपासून करू. म्हणजे लेखाला वजन येते.

१८८४ सालचा एक प्रसिद्ध फोटो आहे. अडीच वर्षांचे एक गोंडस मूल स्टुलावर बसले आहे. अंगात पांढराशुभ्र झगा, त्याचा घेर मांडीवर नीट पसरलेला. केस खांद्यापर्यंत, हातात पिसे लावलेली टोपी, पायांत चकचकीत बूट. पाहणारा म्हणतो, वा, काय गोड मुलगी आहे. ही मुलगी पुढे चार वेळा अमेरिकेची अध्यक्ष म्हणून निवडून आली. तिचे नाव फ्रँकलिन रूझवेल्ट.

यात रूझवेल्टबाईंचे काही चुकले नव्हते. त्या काळी युरोपात आणि अमेरिकेत पाच-सहा वर्षांपर्यंत मुलगे झग्यातच वाढत. कारण व्यवहारी होते. विजारीला गुंड्या असतात आणि लहान मुलाला घाई असते. शिवाय झग्याच्या खालच्या घेराला आडव्या चुण्या शिवून ठेवता येत. मूल उंच झाले की एक चूण उसवायची. पहिली विजार चढवणे हा तिकडे घरगुती समारंभच असे. त्या दिवशी मुलगा बायकांच्या राज्यातून पुरुषांच्या राज्यात दाखल होई. पण तिथेही एकदम लांब विजार नाही. आधी गुडघ्यापर्यंतची, मग गुडघ्याखाली बांधायची, आणि मिसरूड फुटायच्या सुमारास घोट्यापर्यंतची. मामलेदार कचेरीतली बढतीसुद्धा इतकी रखडत नसेल.

आमच्या कोकणातही मुलगा झबले-टोपड्यातच वाढे. बारशाला कुंची, संक्रांतीला बोरन्हाणात काळे झबले आणि वर हलव्याचे दागिने. मुंग्यांना एवढे समारंभी जेवण वर्षातून एकदाच मिळे. पण ज्या घरात मुलगे जगत नसत, तिथे कपड्यांना वेगळा अर्थ येई. अशा घरी नवस बोलून झालेल्या मुलाचे नाक टोचत, त्याला मुलीसारखे परकर-पोलके घालत, वेणी घालत. नाव ठेवत धोंडू नाहीतर दगडू. हेतू असा की, मरणाने दारात डोकावलेच तर त्याला वाटावे, इथे मुलगा नाहीच, एक पोरगी आहे आणि एक दगड आहे, आणि त्याने पुढच्या घरी जावे. रूझवेल्टच्या अंगावरचा झगा सोयीचा होता. आमच्या धोंडूच्या अंगावरचा परकर भीतीचा होता. कापड तेच, पण टाके घालणाऱ्या हातांचा थरकाप वेगळा.

ही आईची भीती झाली. राज्यांची भीती त्याहून मोठी. पुरंदरावर १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले. वडील नारायणराव आदल्या साली मारले गेलेले. राज्याला पेशवा हवा होता आणि उपलब्ध पेशवा पाळण्यात होता. तेव्हा चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे देण्यात आली. आपल्याकडे पद मिळणे याला वस्त्रे मिळणे म्हणतात, ते उगाच नाही. आधी कपडे, मग माणूस. अंगात झबले घालायचे वय, आणि मिळाली पेशवाई. समारंभी पोशाखाच्या इतिहासात ढगळपणाचा हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पुढे त्या पोशाखाच्या बाह्यांत हात नाना फडणीसांचे राहिले. अंग भरून येते न येते तोच, १७९५ साली, एकविसाव्या वर्षी, हा पेशवा शनिवारवाड्यात वरून पडून गेला. वस्त्रे मापाला यायची राहूनच गेली.

दुसरे उदाहरण जरा आनंदाचे. नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली, बाराव्या वर्षी, बडोद्याला दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. शेतकऱ्याचे पोर सकाळी सदऱ्यात होते, ते जरीच्या पोशाखात, मोत्यांच्या माळांत आणि शिरपेचात गेले. त्याला ते टोचले असणारच. जर टोचतेच. ज्यांना कोणाला लहानपणी जरीची टोपी घालून दोन तास बसवले असेल, त्यांनी आपल्या कानामागे हात लावून पाहावा.

सामान्य माणसांच्या घरी एवढे थाट नव्हते. तिथे मुलाच्या पहिल्या समारंभी पोशाखाचे प्रसंग दोन. एक मुंज, दुसरे लग्न. लग्नसुद्धा मुलाचेच, बरे का! १९२९ साली सारडा कायदा झाला आणि मुलग्याचे वय अठरा ठरले. त्याआधी बारा-चौदा वर्षांचे नवरदेव ही काही नवलाई नव्हती. डोक्याला मुंडावळ्या, खांद्यावर शेला, आणि अंतरपाटाच्या पलीकडे आठ-नऊ वर्षांची नवरी. नवरदेवाला होमापाशी झोप लागली म्हणून त्याला उचलून आत नेल्याच्या हकीकती घरोघर होत्या. त्यातला विनोद पुरुषांनी सांगितला. त्या नवऱ्या मोठ्या होऊन कधी त्यावर खदखदून हसल्याचे मी ऐकलेले नाही.

मुंजीची गंमत वेगळी. तिकडे गोऱ्या मुलाला मोठे करायचे तर विजार चढवत. इकडे आमच्या ब्राह्मणाच्या मुलाला मोठे करायचे तर असलेले कपडे काढून घेत. आठव्या वर्षी, ऐन मे महिन्यात, आईच्या पानात शेवटचे जेवण, मग न्हाव्यासमोर डोके, मग लंगोटी, कमरेला मुंज, हातात पळसाचा दंड. झाला ब्रह्मचारी! आणि त्याच दिवशी संध्याकाळी भिक्षावळीच्या मिरवणुकीत त्याच ब्रह्मचाऱ्याला कोट, जरीची टोपी, कानात भिकबाळी, गळ्यात गोफ. सकाळी वसिष्ठाचा शिष्य, संध्याकाळी मामलेदाराचा मेहुणा. एका दिवसात एवढी मजल मारणारा पोशाख जगाच्या पाठीवर दुसरा नसेल.

भाट्यातल्या सगळ्याच मुलांची मुंज होत नसे, हेही सांगितले पाहिजे. खाडीकाठच्या मुलांचा बारमाही पोशाख करगोटा आणि लंगोटी. शिमग्याला किंवा गणपतीला नवी बंडी मिळाली तर ते वर्ष चांगले. ईदेच्या सकाळी खाडीवरची मुसलमान मुले नव्या कोऱ्या कपड्यांत आणि गोंड्याच्या लाल टोप्यांत निघत, तेव्हा आमच्या घरची मुले ओसरीवरून डोळे फाडून पाहत, असे माझी आजी सांगे. त्या गोंड्यासाठी तिच्या एका दिराने ‘मलाही मुसलमान करा’ म्हणून दिवसभर भोकाड पसरले होते. त्याला संध्याकाळी गुळाचा खडा देऊन स्वधर्मात ठेवण्यात आले.

आता खलाशी सूट. १८४६ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलाला, वय वर्षे चार, राजघराण्याच्या जहाजावर खलाशाचा छोटा पोशाख शिवून घातला. विंटरहाल्टर नावाच्या चित्रकाराने त्यात त्याचे चित्र काढले. झाले! पुढची शंभर वर्षे युरोप-अमेरिकेतली मुले पाठीवर चौकोनी गळपट्टी टाकून फिरू लागली. ती साथ बोटीत बसून मुंबईला आली आणि मुंबईहून चाकरमान्यांच्या ट्रंकांतून रत्नागिरीला. म्हणजे पाहा, ज्या भाट्यात खरे दर्यावर्दी लंगोटी लावून, डोक्याला फडके गुंडाळून मचवे हाकत होते, त्याच भाट्यात पाण्याला घाबरणारी कारकुनांची मुले खलाशी होऊन फोटो काढून घेत होती. खरा खलाशी फोटोत यायचा प्रश्नच नव्हता. तो समुद्रात होता.

दुसरी साथ अमेरिकेतून निघाली. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या बाईंनी १८८६ साली ‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ नावाची कादंबरी लिहिली. अमेरिकेत वाढलेला एक गोड मुलगा विलायतेतल्या उमराव आजोबांचा वारस निघतो, अशी गोष्ट. गोष्ट मुलांना आवडली आणि त्यातला पोशाख आयांना. काळ्या मखमलीचा सूट, लेसची भली मोठी कॉलर आणि खांद्यावर कुरळ्या बटा. एका कादंबरीमुळे एवढ्या मुलांनी एवढा मार खाल्ल्याचे उदाहरण विरळा, कारण अशा वेषातल्या मुलाला गल्लीतली पोरे सोडत थोडीच! मखमल आपल्याकडेही आली, पण कोकणापुढे तिचे काही चालले नाही. आमच्याकडे जूनमध्ये मखमलीचा कोट ट्रंकेत ठेवला की सप्टेंबरात तो हिरवा निघतो. त्यावर आळंबी उगवली नाहीत म्हणजे मिळवली.

अंगाचे झाले. आता डोके. आज आपल्याला समजणार नाही, पण बोडके डोके हा त्या काळी अपशकुन होता. उघड्या डोक्याने माणूस फिरे तो सुतकात. त्यामुळे मुलगा कमरेखाली कसाही असो, डोक्यावर टोपी हवीच. शाळेत जायचे तर टोपी, फोटो काढायचा तर टोपी, मास्तरांचा मार खायचा तरी टोपी. १९२०-२१च्या असहकारात या टोपीने रंग बदलला. काळी जाऊन पांढरी आली. खादीची ती दोन दिडक्यांची टोपी पाहून साहेबाच्या कचेऱ्या बिथरल्या, आणि शाळेतल्या पोरांना प्रथमच कळले की आपल्या डोक्यावरही सरकारला घाबरवण्यासारखे काही असू शकते. आत नसले तरी वर.

कपडा माणसाला मोठा किंवा लहान करतो याचा पुरावा हवा तर आमच्या जिल्ह्यातलाच देतो. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सहावीच्या परीक्षेसाठी भर पावसात डोंगर तुडवत, शंभराहून जास्त मैल चालून साताऱ्याला गेले. तिथल्या साहेबांनी पाहिले आणि सांगितले, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस, परत जा. झाला प्रवास! पुढे हा माणूस एकशे चार वर्षे जगला. मुलींसाठी शाळा काढल्या, विद्यापीठ काढले, भारतरत्न झाला. पण त्या दिवशी दारात त्याचे शिक्षण कोणी पाहिले नाही, उंची पाहिली. कधीकधी वाटते, अंगात एखादा ढगळ कोट आणि डोक्यावर मोठे पागोटे असते तर साहेब फसला असता.

अशा एका कोटाची हकीकत माझ्या घरात आहे. बखरीत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

माझे आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही थोरले आजोबा म्हणत असू, खाडीपलीकडच्या मराठी शाळेत जात. पूल नव्हता. होडी होती. पणजोबा भिक्षुकी करत. एका यजमानाने श्राद्धाला काळ्या अल्पाकाचे कापड दिले, त्यातून थोरल्यासाठी एक कोट शिवला. अर्थात वाढत्या अंगाचा. बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत, आत चार बोटे दुमड. तो कोट शाळेत रोज घालायचा नव्हताच. तो दिपोटीसाठी होता.

दिपोटी म्हणजे शाळांची तपासणी करणारे साहेब. ते वर्षातून एकदा येत, आणि त्यांच्या शेऱ्यावर शाळेचे अनुदान आणि मास्तरांचा जीव टांगलेला असे. म्हणून त्या दिवशी मास्तरांचा हुकूम, कोट-टोपी नसेल त्याने वर्गात बसायचे नाही. होडीतून उतरताना थोरले आजोबा कोटाची घडी डोक्यावर घेत आणि गुडघाभर पाण्यातून चालत. पाय भिजले तर सुकतात, अल्पाका भिजला तर आटतो.

आता अडचण अशी की मुलगे दोन आणि कोट एक. थोरले पाचवीत, धाकटे तिसरीत. दोन वर्गांच्या मधल्या भिंतीला वरती झरोका होता. दिपोटींनी पाचवी तपासली, ते बाहेर पडले, की झरोक्यातून कोट इकडे. आजोबांनी तो घाईघाईत चढवला. हात कुठे आहेत याचा बाहेरून पत्ता लागत नव्हता. दिपोटी मोठे नजरबाज. म्हणाले, “हा कोट मी मघाशी पाहिला.”

आजोबा म्हणाले, “होय साहेब. कोट पाचवी पास झाला. आता माझी तिसरी घ्या.”

दिपोटी हसले, म्हणे. ही हकीकत आजोबा मला सांगत तेव्हा दरवर्षी ते उत्तर थोडे अधिक धारदार होत असे. मी सातवीत असताना तर त्यांनी ते इंग्रजीत दिले होते. पण झरोका खरा होता. मी पाहिला आहे.

त्या पावसाळ्यात पणजोबा गेले. दोघांपैकी एकाला मुंबईला पाठवणे भाग होते. थोरल्याला मार्क जास्त होते, वयही जास्त होते. घरातल्या हिशेबात वय धरले गेले, मार्क धरले गेले नाहीत. बोटीच्या आदल्या रात्री पणजीने त्याच्या बोचक्यात तो कोट घातला. परगावी चार माणसांत अंगावर काही असावे. सकाळी उठून पाहते तो कोट खुंटीला. रात्री केव्हातरी उठून, कंदिलाजवळ बसून, त्याने बाह्यांची उसवलेली दुमड पुन्हा आत घालून टाके मारले होते. वाकडेतिकडे, पांढऱ्या दोऱ्याने. धाकट्याच्या मापाचे.

तेरा-चौदा वर्षांचा तो मुलगा बंडीवर बोटीत बसला. मुंबईला मूळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर लागला आणि जन्मभर गजाने दुसऱ्यांचे कापड मोजत राहिला. धाकटा तो कोट घालून व्हर्नाक्युलर फायनल झाला, मास्तर झाला, आणि त्याच्यामागे आमचे घर शिकले. आज आमच्यात इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, एक तर अमेरिकेत आहे. सगळे त्या झरोक्यातून आलो.

थोरले आजोबा दर दिवाळीआधी मुंबईहून कापडाचा एक अख्खा ताका पाठवत. एकच ताका, म्हणून घरातल्या सगळ्या मुलांना एकाच पट्ट्यांचे सदरे. १९३० नंतरचा एक फोटो आमच्या माजघरात आहे. माझ्या वडिलांची आणि दोन चुलत भावांची मुंज. अकरा मुलगे एका ताक्यातले. अमावास्येला बँड वाजवायला आल्यासारखे दिसतात. मागे मोठी माणसे, सगळी कोटात. मध्ये थोरले आजोबा, सदरा आणि उपरणे. हा माणूस कापडाच्या बाजारात राहून आयुष्यात कोट शिवायला गेला नाही. फोटोच्या वेळी कोणीतरी आपला काढून देत होते, तर म्हणाले, “नको हो. माझा कोट धाकट्यानं घातलान. मला पुरला.”

तो अल्पाकाचा कोट पुढे घरातल्या सात मुंजींत मिरवला. आता त्याची एक बाही तेवढी शिल्लक आहे. उजेडात धरली की तिच्यावर दुमडीच्या आडव्या रेघा दिसतात, एकीखाली एक. माडाच्या खोडावर झावळी गळाल्याच्या खुणा असतात ना, तशा. नारळ संशोधन केंद्रातला माणूस त्यावरून माडाचे वय अंदाजाने सांगेल. माझे इतिहाससंशोधन त्या बाहीपाशी येऊन थांबते.

मग लढाई आली. १९४३ साली कापडावर नियंत्रण बसले, स्टँडर्ड क्लॉथ नावाचे जाडेभरडे कापड आले आणि समारंभी पोशाख हा शब्दच विनोदी झाला. लढाईने एक मात्र केले. खाकी ड्रिल घरोघर पोचवले. त्यानंतरच्या पिढ्या, आणि तीत मी आलो, खाकी अर्धी चड्डी आणि पांढरा सदरा यांत वाढल्या. शाळा तीच, मुंज तीच, लग्न तेच, १५ ऑगस्टही तोच. इस्त्री केली की समारंभ, नाही केली की शाळा.

आमच्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. आई मला त्याच्यापुढे उभे करी आणि शास्त्रवचन उच्चारी, “मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा हं.” मास्तर टेप माझ्या कमरेभोवती गुंडाळी आणि माझ्याकडे न बघता, मी दोन वर्षांनी जो होणार होतो त्याच्याकडे बघून आकडे लिही. त्यामुळे कोणताही कपडा मला मापात असा कधी झालाच नाही. पहिले वर्ष ढगळ, तिसरे वर्ष तंग. मधल्या वर्षी महिनाभर तो अगदी अंगासरसा बसे, पण तो महिना नेमका जुलै निघे आणि कपडे वाळत नसत. ढगळ चड्डी एका हाताने सावरत धावण्याची शर्यत कशी जिंकायची, हे कौशल्य आमच्या पिढीबरोबर लयाला गेले.

फुलपँट मिळाली नववीत. रूझवेल्टची विजार, वसिष्ठाच्या शिष्याची लंगोटी आणि माझी फुलपँट, तिघांचा अर्थ एकच. मला वाटले, रत्नागिरीतले सगळे लोक माझ्या घोट्यांकडे पाहताहेत. कोणी पाहत नव्हते. साठाव्या दशकानंतर टेरिलीन आणि टेरिकॉट आले आणि हजार वर्षांची व्यवस्था कोलमडली. तोवर कपडा फाटे, म्हणून अंग आणि कापड यांची शर्यत बरोबरीत सुटे. टेरिलीन फाटेना आणि अंग वाढायचे थांबेना. थोरल्याचा कपडा धाकट्याला, धाकट्याचा शेंडेफळाला, तरी आपला नवा तो नवाच! शेंडेफळाला जन्मात नवे मिळायचे ते फक्त टोपीचे रबर.

आता पाच वर्षांचे मूल लग्नात थ्री-पीस सूट घालते. जोधपुरी घालते, पेशवाई पगडी घालते, मोजड्या घालते. सगळे मापात, अगदी नेमके, कारण ते एका दिवसापुरते भाड्याने आणलेले असते. दुसऱ्या दिवशी परत. मूलही खूष, आईबापही खूष, फोटो तर शेकड्याने. मी काही तक्रार करत नाही. मुलाला मापाचा कपडा मिळावा हे केव्हाही चांगलेच. पुरुषाच्या नशिबी पुढे तंग होणे आहेच, लहानपणी तरी ढगळ का? फक्त परवा एका लग्नात मी नातवाच्या कोटाची बाही सहज उलटी करून पाहिली. आत दुमड नव्हती. काठाला काठ. पुढच्या वर्षी हा मुलगा किती उंच होईल याची त्या कोटाला काही पडलेली नव्हती. आमच्या चड्डीला पडलेली असे. कॉलरा, देवी, हिवताप सगळे दारात उभे असताना चार बोटे कापड आत घालून ठेवणे म्हणजे, हा जगणार, हा वाढणार, हे शिंप्याकडून लिहून घेण्यासारखे होते. त्यासाठीच तर धोंडूला परकर घातला होता.

माझ्यापुरता विषय आता उलट्या दिशेने चालला आहे. परवा रत्नागिरीत पँट शिवायला टाकली. जुन्या मास्तरांचा नातू दुकानावर बसतो. त्याने माप घेतले, वहीतले मागचे माप पाहिले, पुन्हा टेप लावली. मग जरा अवघडून म्हणाला, “काका, उंची पाऊण इंच कमी भरतेय. कापू?”

मी म्हटले, “कापू नकोस रे बाबा. दुमड.”